चिलखत आणि निरोप

सैनिकाच्या चिलखताविषयी आम्ही पांढरकवड्यास बोलणार आहोत, हे कळल्यावर काही मंडळींना नवल वाटले. येथे किल्ला नाही, शस्त्रागार नाही. आहे ती काळी जमीन, कापूस, खुनी नदीचे पात्र आणि नागपुराहून हैदराबादेकडे अहोरात्र वाहणारी सडक. अशा गावी चिलखताची कथा कशाला? त्यातही आमचा विषय सरदाराच्या किंवा राजाच्या चिलखताचा नाही. बिनतारी यंत्र अंगावर वागवून निरोपाची ने-आण करणाऱ्या साध्या शिपायाने आपले चिलखत कसे सजवावे, हा आमचा विषय आहे. तो या गावी आणण्याचे कारण असे, की निरोप बिघडला म्हणजे फौजेचे काय होते याचा धडा इतिहासाने याच परिसरात, १८१८ सालच्या एप्रिल महिन्यात, गिरवून दाखविला आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात सांगतो. फौजेला दोन चिलखते लागतात. एक अंगावरचे, ते माणसाला राखते. दुसरे निरोपाचे, ते साऱ्या फौजेला राखते. पूर्वी ही दोन चिलखते दोन वेगळ्या माणसांकडे असत. आज ती एकाच शिपायाच्या एकाच छातीवर येऊन बसली आहेत, आणि त्यांचे एकमेकांशी भांडण आहे. ते भांडण मिटविणे, हीच त्या शिपायाच्या सजावटीतली खरी विद्या होय.

प्रथम जुना काळ पाहू. चिलखत म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रतापगड उभा राहतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते, मंदिलाखाली जिरेटोप होता. खानाने वार केला तो चिलखतावर खरखरला आणि महाराज वाचले. हा प्रसंग आमच्या पोराबाळांनाही मुखोद्गत आहे. परंतु त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट घडली, तिच्याकडे आमचे लक्ष कमी जाते. खान पडताच गडावरून इशारतीच्या तोफा झाल्या, आणि जावळीच्या रानात दबा धरून बसलेले मावळे त्या आवाजावर उठले. चिलखताने महाराज वाचले. पण खानाची फौज मोडली ती त्या तोफांच्या निरोपाने. नुसते चिलखत असते आणि तोफा झाल्या नसत्या, तर रानातल्या मावळ्यांना कळते काय? परंपरा सांगते, की पुढच्याच वर्षी घोडखिंडीत बाजीप्रभूंचे प्राणही विशाळगडावरच्या तोफांच्या आवाजासाठीच थांबले होते. ज्या निरोपाची वाट पाहत एक वीर मृत्यूला दारात उभा करतो, त्या निरोपाचे मोल आणखी कोणत्या शब्दांनी सांगावे?

तोफ मात्र सर्वत्र नेता येत नाही. रोजचा निरोप माणसाच्या पायांनीच जात असे. आमच्या जुन्या कागदांत जासूद, हरकारे, अजुरदार ही माणसे पानोपानी भेटतात. अजुरा म्हणजे मजुरी. ती घेऊन पत्र पोहोचविणारा तो अजुरदार. या जासुदांची जोडी पाठविण्याची रीत होती. एक वाटेत पडला, आजारला वा पकडला गेला, तर दुसऱ्याने पुढे जावे, हा त्यातला हिशेब. आजच्या भाषेत बोलायचे तर एक यंत्र बंद पडले तरी दुसरे हाताशी असावे, हेच ते तत्त्व. आता या जासुदाच्या अंगावर काय असे? चिलखत नसे. लोखंडी कड्यांचे ओझे घेऊन मजल मारता येत नाही. त्याचे चिलखत म्हणजे त्याचा वेग, त्याचे साधे कपडे, आणि गर्दीत हरवून जाण्याची त्याची हातोटी. जो लढे त्याला लोखंड, जो निरोप नेई त्याला पाय, अशी ही वाटणी होती. ती शेकडो वर्षे चालली.

निरोप तुटला म्हणजे काय होते, ते पानिपताने सांगितले. अब्दालीने वाटा रोखल्या, आणि भाऊसाहेबांच्या छावणीची खबर दक्षिणेत धड पोहोचेना. १४ जानेवारी १७६१ रोजी सर्वनाश झाला. त्याची खबर नानासाहेब पेशव्यांना मिळाली ती कोणा सरदाराकडून नव्हे. ती मिळाली भेलशाच्या वाटेवर, सावकारी डाकेच्या एका सांकेतिक पत्रातून, जवळजवळ दहा दिवसांनी. राज्याच्या धन्याला आपल्या लाखाच्या फौजेचे वर्तमान सावकाराच्या जासुदाने सांगावे, याहून मोठी शोकांतिका ती कोणती?

आता आपल्या गावाकडे येऊ. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस लढाई झाली आणि दुसऱ्या बाजीरावाची धावपळ सुरू झाली. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीस बापू गोखले पडले, सातारचे छत्रपती इंग्रजांच्या हाती गेले. बाजीरावाला आता एकच आशा उरली होती. नागपूरचे आप्पासाहेब भोसले आतून त्याला अनुकूल होते, आणि चांद्याचा बळकट किल्ला त्यांच्या बाजूचा होता. चांद्यास जावे, भोसल्यांचे बळ मिळवावे, पुन्हा उभे राहावे, असा हा बेत होता. त्या बेताने बाजीराव वऱ्हाडातून वर्धा नदीच्या रोखाने, म्हणजे या आपल्या मुलखात आला.

परंतु निरोपाचे काय झाले होते, ते पाहा. आप्पासाहेबांचा बाजीरावाशी चाललेला गुप्त पत्रव्यवहार नागपूरचा रेसिडेंट जेन्किन्स याला उमगला होता, आणि १५ मार्च १८१८ रोजीच त्याने आप्पासाहेबांना कैद केले होते. बाजीराव वर्धेजवळ येतो तो एप्रिलच्या आरंभी. ज्याच्या बळावर ही सारी वाटचाल, तो मनुष्य पंधरवड्यापूर्वीच पहाऱ्यात बसलेला! आमंत्रणाचा निरोप निघाला तेव्हा खरा होता; फौज येथवर येईतो तो शिळा झाला. इतकेच नव्हे, तो शत्रूने वाचलाही होता. निरोपाला दोन रोग होतात, एक उशिराचा आणि दुसरा फुटण्याचा. येथे दोन्ही एकदम झाले.

पुढची हकीकत या परिसरातच घडली. नागपुराकडून आलेल्या कर्नल स्कॉटच्या तुकडीने वर्धेची वाट अडविली. हिंगणघाटाकडून कर्नल ॲडम्स निघाला. पश्चिमेकडून जनरल डव्हटन येत होता. या इंग्रज सरदारांच्या फौजा एकमेकांपासून दूर होत्या, पण त्यांचे खलिते एकमेकांस पोहोचत होते. त्यामुळे दूर असूनही त्या एका हाताच्या बोटांप्रमाणे मिटत गेल्या. बाजीरावाची फौज एका ठिकाणी होती, तरी तिला आपल्या सभोवती काय चालले आहे याचा थांग नव्हता. १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याच्या मुलखातील सिवनीजवळ ॲडम्सने तिला गाठले. पेशव्यांजवळ उरलेल्या पाच तोफा, तीन हत्ती आणि सुमारे दोनशे उंट इंग्रजांच्या हाती पडले. बाजीराव घोड्यावर बसून निसटला. मे महिन्यात चांद्याचा किल्लाही पडला, आणि ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला.

पेशवाई केवळ निरोपाअभावी बुडाली, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. फूट, भित्रेपणा, रिकामा खजिना, कवायती फौजेचा अभाव, अशी कारणांची रास अभ्यासकांनी मांडली आहे आणि ती खोटी नाही. तरीही एक प्रश्न उरतोच. सिवनीच्या त्या दिवशी पेशव्यांच्या फौजेत तलवारी नव्हत्या काय? ढाली नव्हत्या काय? होत्या. नव्हती ती वेळेवर आलेली खरी बातमी. अंगावरचे चिलखत शाबूत होते. निरोपाचे चिलखत फाटले होते.

त्यानंतर शंभर वर्षांत निरोपाचे रूप पालटले. तारायंत्र आले, निशाणांची भाषा आली, उन्हाचे कवडसे पाडून बोलणारे आरसे आले. १५ फेब्रुवारी १९११ रोजी हिंदुस्थानच्या लष्करात निरोपाचे स्वतंत्र खाते निघाले. तेच आजचे सिग्नल दल. त्याची मोठी शिक्षणकेंद्रे आपल्या शेजारच्या जबलपुरास आणि गोव्यास आहेत. ‘तीव्र चौकस’ हे त्याचे ब्रीद आहे. त्याच्या चिन्हावर रोमन पुराणातला देवांचा जासूद मर्क्युरी आहे. पायाला पंख, अंगावर चिलखत नाही! आमच्या जासुदाचाच तो परदेशी भाऊबंद म्हणावा.

या बिनचिलखताच्या निरोप्याची सर्वांत तेजस्वी कथा मराठी आहे, आणि ती एप्रिल महिन्यातलीच आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर पाचव्या मराठा पलटणीचा हल्ला झाला. अहमदनगर जिल्ह्यातल्या निमज गावचे शिपाई नामदेव जाधव हे कंपनीचे ‘रनर’, म्हणजे धावत जाऊन निरोप पोहोचविणारे. नदी ओलांडताना कंपनीचा अधिकारी आणि आणखी दोघे जखमी झाले, बाकीचे पडले, उभे राहिले ते एकटे जाधव. त्यांनी एका जखमी सोबत्याला उचलून खोल पाण्यातून, सरळ चढाच्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले. मग परत जाऊन दुसऱ्यालाही आणले. तिसऱ्यांदा पलीकडे जाऊन त्यांनी शत्रूच्या मशीनगनचे ठाणे बंद पाडले. हाताला जखम होऊन बंदूक चालेना, तेव्हा ती टाकून देऊन हातबॉम्ब घेतले आणि आणखी दोन ठाणी संपविली. शेवटी भर माऱ्यात बांधाच्या माथ्यावर उभे राहून, मराठ्यांची रणगर्जना करीत, हाताने खुणावून त्यांनी मागच्या कंपन्यांना पलीकडे बोलाविले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या कथेत शौर्य आहे, ते सर्वांना दिसते. आमचे लक्ष शेवटच्या क्षणाकडे आहे. तीन ठाणी बंद पाडल्यावरही काम पुरे झाले नव्हते. वाट मोकळी झाली, हे मागच्यांना कळल्यावाचून त्या वाटेचा उपयोग काय? म्हणून तो निरोप्या, छातीवर लोखंडाचा पत्राही नसताना, सर्वांना दिसेल अशा जागी उभा राहिला. निरोप देणारा लपून राहू शकत नाही, हेच त्याच्या धंद्याचे दुःख आहे आणि हाच त्याचा मान आहे.

त्याच महायुद्धात बिनतारी यंत्र शिपायाच्या पाठीवर आले. अमेरिकन पायदळाचा पाठीवरचा सेट सुमारे पंधरा ते सतरा किलो वजनाचा होता. जासुदाचा वेग गेला. त्याचे गर्दीत हरवणेही गेले, कारण डोक्यावर डोलणारी एरियलची काठी लांबून सांगू लागली, की हा निरोप्या आहे आणि याच्या शेजारीच याचा अधिकारी आहे. नेमबाजाला आणखी काय हवे? जुनी वाटणी मोडली. जो निरोप नेतो, त्यालाही आता चिलखत हवे झाले.

ते चिलखत काय आहे, तेही सांगू. १९६५ साली स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ड्यूपाँ कंपनीत जो तंतू शोधला, तो पुढे केव्हलार नावाने प्रसिद्ध झाला. त्याच्या थरांनी पिस्तुलाची गोळी आणि तोफगोळ्याच्या कपच्या अडतात, रायफलीची गोळी अडत नाही. तिच्यासाठी चिनी मातीच्या जातीच्या, पण पराकाष्ठेच्या कठीण पदार्थाच्या पाट्या लागतात. बोरॉन कार्बाइड हा त्यांतला एक. गोळी पाटीवर आदळली की तिचे पोलादी टोक फुटते, आणि मागचे चिवट थर तुकडे झेलतात. छातीवर एक आणि पाठीवर एक अशा पाट्या ज्या जाकिटात बसवितात, त्याला सैनिक ‘प्लेट कॅरियर’ म्हणतात. पाटी कठीण असते तशीच ठिसूळही असते. वरून जमिनीवर पडली तर आतून तडकू शकते. म्हणून तिला काचेच्या भांड्यासारखे सांभाळावे लागते. २०१८ सालच्या एप्रिलात भारत सरकारने लष्करासाठी १,८६,१३८ बुलेटप्रूफ जाकिटांचा ६३९ कोटी रुपयांचा करार केला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभा कवच’ सिद्ध केले. २०२४ साली संरक्षण संशोधन संस्थेने दिल्लीच्या आय.आय.टी.सह ‘अभेद’ नावाचे जाकीट पुढे आणले. त्याचे वजन, संरक्षणाच्या पातळीप्रमाणे, कमीत कमी ८.२ आणि ९.५ किलोपर्यंत उतरविता आले. एवढे वजन नुसत्या चिलखताचे. त्यावर बंदूक, काडतुसे, पाणी. आणि निरोप्याचे यंत्र व बॅटऱ्या वेगळ्याच.

आता हे सारे अंगावर मांडावयाचे कसे? पहिला नियम पाट्यांचा. पुढच्या पाटीची वरची कड गळ्याखालच्या खळगीशी यावी. हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या तिच्या आड राहिल्या पाहिजेत. पुष्कळ जण सोयीसाठी पाटी खाली सोडतात. मग पोट झाकते आणि काळीज उघडे पडते. मागची पाटी पुढचीच्याच उंचीला असावी. बाजूचे पट्टे असे आवळावे, की पाटी हलू नये, पण पूर्ण श्वासही घेता यावा. वैशाखातल्या आपल्या उन्हात ज्याने धान्याचे पोते वाहिले आहे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरा नियम यंत्राचा. छातीवर यंत्र लावण्याचा मोह होतो, कारण तेथे ते डोळ्यांसमोर असते. पण शिपायाला पालथे पडावे लागते. छातीवर उंचवटा झाला, की तो जमिनीला चिकटत नाही आणि डोके वर राहते. म्हणून यंत्र बरगडीच्या बाजूला, थोडे मागे, आणि बंदुकीचा दस्ता खांद्याला टेकतो त्याच्या विरुद्ध अंगाला असावे. त्याचा भार तोलण्यास पाणी किंवा काडतुसे दुसऱ्या अंगाला घालावी. नाहीतर दिवसाअखेर कंबर एका बाजूला कलते. बोलण्याचे बटण छातीवर अशा जागी हवे, की कोणत्याही हाताने ते न पाहता सापडावे. एक हात जखमी झाला म्हणून निरोप अडता कामा नये. जाधवांचा हात आठवावा.

तिसरा नियम अँटेनाचा, आणि खरे भांडण येथेच आहे. ती उंच आणि मोकळी असली तर निरोप लांब जातो, पण शत्रूला दिसते. ती अंगाशी चिकटवून दडविली तर माणूस झाकतो, पण शरीर आणि पाट्या लहरी अडवितात व निरोप खुंटतो. यावर कायमचा तोडगा नाही. चालताना ती खांद्याच्या पट्ट्यालगत मुडपून ठेवावी, आणि बोलण्याच्या वेळी आडोसा पाहून मोकळी करावी. दोन यंत्रे असतील तर त्यांच्या अँटेना शक्य तितक्या लांब ठेवाव्या, म्हणजे एकीचा आवाज दुसरीत घुसत नाही. तारा पट्ट्याखालून ओवून बांधाव्या. सैल राहिलेला फास बोरीबाभळीच्या काट्यात अडकतो, आणि मोक्याच्या क्षणी कान बहिरे होतात.

चौथा नियम परीक्षेचा. जाकीट सजवून खुंटीला टांगले म्हणजे काम झाले, असे नाही. ते घालून धावावे, गुडघ्यावर बसावे, पालथे पडावे, काळोखात बॅटरी बदलावी. जखमेची पट्टी कोठे आहे, ते आपल्या सोबत्याला ठाऊक असावे. आणि निरोप्या पडलाच, तर त्याचे यंत्र काढून दुसऱ्याला चालविता आले पाहिजे. येथे आम्हांला पुन्हा जासुदांच्या जोडीची आठवण होते. शिपाई पडू शकतो. निरोप पडता कामा नये. पाट्या, पट्टे, बटण, तारा यांची मांडणी त्या एका वाक्यासाठी आहे.

शेवटी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती सांगतो. १८१८ च्या त्या उन्हाळ्यात या मुलखातून किती जासूद धावले असतील! कोणी उन्हाने पडले असतील, कोणी वर्धेच्या उतारावर पकडले गेले असतील. ॲडम्स, डव्हटन, स्कॉट ही परक्यांची नावे आमच्या पुस्तकांत आहेत. पेशव्यांच्या तोफा, हत्ती आणि उंट यांची संख्याही आहे. त्या जासुदांपैकी एकाचेही नाव आमच्या जिभेवर नाही. उंट मोजणाऱ्या इतिहासाने माणसे मोजली नाहीत.

आज या गावातला, या तालुक्यातला एखादा मुलगा सैन्यात जाईल आणि जबलपुरास वा गोव्यास निरोपाचे काम शिकेल. घरच्यांना तो पत्रातून सांगेल, की मी लढाईच्या कामावर नाही, मी वायरलेसवर आहे. तेव्हा त्याच्या कामाला कोणी हलके समजू नये, ही आमची पांढरकवडेकरांना विनंती आहे. त्याच्या छातीवर दहा किलोंचे चिलखत असेल, ते त्याचे एकट्याचे. त्याच्या बरगडीशी लहानसे यंत्र असेल, ते शेकडो जणांचे चिलखत. दोनशे वर्षांपूर्वी या मातीवर जे फाटले, ते तो आपल्या अंगावर शिवून घेऊन उभा असेल.